पैसे परत मिळत नाहीत, म्हणून तो जुगार नाही?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगसंबंधीचा कायदा मंजूर केला आणि काही दिवसांतच पैसे लावून खेळायची रमी, पोकर आणि फॅन्टसी क्रिकेट चालवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी हे खेळ गुंडाळले. ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या, भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरूनही तिचे नाव गेले. अशा खेळांत देशातले सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी २० हजार कोटी रुपयांच्या आसपास गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले. मला मात्र त्याची दिशा योग्य वाटते, आणि तशी वाटण्याचे मुख्य कारण चर्चेत फारसे आलेच नाही. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, या प्रश्नाभोवती आपला कायदा जवळजवळ सात दशके फिरत राहिला. बक्षिसांच्या शब्दकोडी स्पर्धा चालवणाऱ्या आर. एम. डी. चमारबागवाला यांच्याविरुद्ध मुंबई राज्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९५७ साली निकाली निघाला, तिथपासून हा भेद पक्का होत गेला. १९६८ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला आणि पुढे मोबाइलवरची रमी याच निकालाच्या आडोशाला वाढली. नव्या कायद्याने हा आडोसा काढून घेतला. कौशल्य असो वा नशीब, लाभाच्या आशेने पैसे लावले जात असतील तर तो पैशाचा खेळ, अशी व्याख्या त्याने केली.

पण जुन्या अपुऱ्या प्रश्नाच्या जागी आता दुसरा अपुरा प्रश्न आला आहे: पैसे परत मिळण्याची आशा आहे का? मुलांच्या हातातल्या खेळांना हा प्रश्न लावून पाहावा. खेळ फुकट डाउनलोड होतो. आत गेल्यावर बंदुकीचा वेगळा रंग, अंगावरचा वेगळा पोशाख, एखादे दुर्मीळ पात्र हवेसे वाटू लागते. यातल्या अनेक गोष्टी सरळ विकत मिळत नाहीत. त्यासाठी आधी खरे रुपये देऊन खेळातले चलन घ्यायचे, कुठे त्याला यूसी म्हणतात, कुठे डायमंड, आणि ते खर्चून एक पेटी उघडायची किंवा चाक फिरवायचे. पेटीत काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. बहुतेक वेळा नको ते निघते, मग पुन्हा एक पेटी. ही क्रेट, हा लूट बॉक्स, हा लकी स्पिन. काही खेळांत निघालेली वस्तू बाजारात विकता येते, पण बहुतेक ठिकाणी ती खात्यातच पडून राहते, तिचा पुन्हा रुपया होत नाही. कायद्यात आर्थिक लाभाबरोबर इतर लाभाचाही उल्लेख आहे, आणि एखादा वकील त्या शब्दांत या पेट्याही बसवू शकेल. तरी कायद्याने त्यांचे नाव घेतलेले नाही आणि त्या राजरोस विकल्या जात आहेत. आत गेलेला पैसा बाहेर येत नाही म्हणून हा जुगार नाही, असे मानले जाते. व्यसनाविषयी विज्ञानाला जे कळले आहे, ते या समजुतीच्या अगदी उलट आहे.

बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग जुने आहेत. ठरावीक टोचींनंतर दाणा मिळाला तर कबूतर दाणा खाऊन थोडे थांबते. दाणा कितव्या टोचीला मिळेल हे अनिश्चित ठेवले तर ते न थांबता टोचत राहते, दाणे बंद झाल्यावरही बराच वेळ. यामागे मेंदूत काय घडते हे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी तपासून दाखवले. दिवा लागला की फळांचा रस मिळतो हे माकडाला कळले, की त्या पेशी रस मिळताना गप्प राहू लागतात आणि दिवा लागताना पेटतात. २००३ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, म्हणजे अनिश्चितता सर्वात जास्त असते, तेव्हा दिवा लागल्यापासून निकाल लागेपर्यंत या पेशींची हालचाल चढत जाते. ओढ वाट पाहण्यात आहे, मिळण्यात नव्हे. ऋग्वेदातल्या अक्षसूक्तातला जुगारी बायको, सासू, घरदार सगळे गमावून बसला आहे, आता खेळायचे नाही असे ठरवतो, आणि फाशांचा आवाज कानी येताच त्याचा निश्चय मोडतो. तो मोडतो फासे पडण्याच्या आवाजाने. दान काय पडले, हे अजून त्याला कळलेलेही नसते.

ही ओढ चारित्र्याच्या दुबळेपणाची नसून मेंदूच्या यंत्रणेची आहे, याचा सर्वात थेट पुरावा एका वेगळ्याच आजारातून मिळाला. कंपवाताच्या रुग्णांना डोपामिनसारखे काम करणारी औषधे देतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा ११ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांना ही औषधे घेत असताना जुगाराने ग्रासले होते. ज्यांची पुढची माहिती मिळू शकली, त्यांचा जुगार औषध कमी केल्यावर किंवा बंद केल्यावर ओसरला. गोळीने लागलेला आणि गोळीबरोबर गेलेला हा नाद पाहिल्यावर, जुगार म्हणजे केवळ पैशाचा हव्यास हे म्हणणे टिकत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या प्रकरणात नेऊन ठेवला, तो अशाच पुराव्यांच्या आधारावर.

मानववंशशास्त्रज्ञ नताशा डाऊ शूल यांनी लास वेगासमध्ये स्लॉट मशिनवर खेळणाऱ्यांचा आणि ती मशिन बनवणाऱ्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि २०१२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. व्यसनात खोल गेलेले खेळाडू त्यांना सांगत होते की आपण जिंकण्यासाठी खेळत नाही. खेळत राहता यावे म्हणून खेळतो. मोठे बक्षीस लागले तर तंद्री मोडते, म्हणून काहींना त्याचाही त्रास होई. लास वेगासच्या त्या मशिनमध्ये पैसे परत मिळण्याची सोय होती, तरीही सर्वाधिक बुडालेल्या माणसांना त्याचे सोयरसुतक उरले नव्हते. मग पैसे परत मिळतात की नाही या कसोटीवर जुगार ओळखण्यात काय अर्थ आहे? केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की थोडक्यात हुकलेला डाव साफ हरलेल्या डावापेक्षा जास्त बोचतो, पण पुढचा डाव खेळण्याची इच्छा वाढवतो, विशेषतः चित्र खेळणाऱ्याने स्वतः निवडलेले असेल तेव्हा. मोबाइलवरच्या चाकाचा काटा सोनेरी घरापाशी येऊन शेजारच्या घरात सरकतो, आणि बटण तर मुलाने स्वतःच दाबलेले असते.

आता या खेळांची घडण पाहू. ‘जेनशिन इम्पॅक्ट’ या लोकप्रिय खेळात सर्वात दुर्मीळ पात्र एका खेचीत मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे, आणि ९० खेचींपर्यंत मिळालेच नाही तर ते हमखास दिले जाते. ही हमी दयाळू वाटते. प्रत्यक्षात साठ-सत्तर खेचींवर थांबणे म्हणजे आधीचे सगळे वाया घालवणे, असे खेळणाऱ्याला वाटू लागते, आणि थांबण्याची वेळ येते नेमकी तेव्हाच थांबणे सर्वात अवघड होते. शिवाय रुपयाचे एक चलन, त्याचे दुसरे, त्याचे तिसरे, अशा पायऱ्यांतून किती रुपये गेले हे मोठ्या माणसालाही पटकन सांगता येत नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये या खेळाच्या कंपनीकडून दोन कोटी डॉलर घेताना नेमका या चलनांच्या गुंत्यावर आक्षेप घेतला, आणि १६ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय लूट बॉक्स विकण्यास मनाई केली. वेगाचा मुद्दा तर याहून मोठा. १९६० च्या दशकात मुंबईत फोफावलेल्या मटक्याने गिरणगावातली किती घरे धुऊन नेली हे महाराष्ट्राला सांगायला नको. त्या मटक्यातही आकडा ओपनला आणि क्लोजला लागायचा, मधे काही तास जायचे. त्या तासांत माणूस कामावर जायचा, घरी यायचा, बायकोशी दोन शब्द बोलायचा. पेटी उघडायला काही सेकंद लागतात आणि पुढची पेटी त्याच पडद्यावर तयार असते.

उद्योगाचे म्हणणे असे की हे तर आश्चर्याचे खेळणे आहे. २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे ईए कंपनीच्या प्रतिनिधीने या पेट्यांची तुलना किंडर एगशी केली होती. चॉकलेटच्या अंड्यात कोणते खेळणे निघेल हे माहीत नसते हे खरे. पण ते अंडे आपल्याला ओळखत नाही. कोणते मूल केव्हा खेळते, किती वेळ हरल्यावर पैसे काढते, कोणत्या सवलतीला भुलते, याची नोंद दुकानदार ठेवत नाही आणि रात्री एक वाजता त्याच्या उशाशी येऊन नवे अंडे दाखवत नाही. अंडी संपतात, दुकान बंद होते. ही बंधने क्षुल्लक वाटली तरी व्यसनाच्या आड उभ्या राहणाऱ्या भिंती त्याच असतात, आणि मोबाइलने त्या एकेक करून काढल्या आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लाखो लोक हे खेळ खेळतात, बिघडतात थोडे. त्या थोड्यांसाठी सगळ्यांवर बंधन कशाला? ब्रिटनमधल्या प्लिमथ आणि वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दिलेले उत्तर मला निर्णायक वाटते. लूट बॉक्सची साधारण निम्मी कमाई सर्वाधिक खर्च करणाऱ्या पाच टक्के ग्राहकांकडून येते, आणि त्या पाच टक्क्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक जुगाराच्या समस्येच्या मोजपट्टीवर धोक्याच्या वर्गात बसतात, असे त्यांना आढळले. जास्त खर्च करणारे जास्त श्रीमंत असतात, असेही दिसले नाही. म्हणजे ते थोडे लोक या धंद्याच्या कडेला नाहीत, त्याच्या मध्यभागी आहेत. यावर संशोधकांतच एक प्रामाणिक वाद आहे. डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स यांनी २०१८ मध्ये ७,४२२ खेळाडूंची पाहणी करून लूट बॉक्सवरचा खर्च आणि जुगाराची समस्या यांचा संबंध दाखवला; पण पेट्यांमुळे जुगाराची सवय लागते, की जुगाराकडे कल असलेली माणसे पेट्यांकडे ओढली जातात, हे अशा पाहणीतून ठरत नाही. ते पूर्ण ठरेपर्यंत थांबावे असे मला वाटत नाही. दुसरी शक्यता खरी निघाली, तर या पेट्या आधीच कमकुवत असलेल्यांना शोधून त्यांच्याकडून पैसे काढतात एवढेच सिद्ध होईल, आणि त्यात दिलासा कसला?

इथे एक भेद जपला पाहिजे, कारण मुलांच्या प्रत्येक खेळाला व्यसन म्हणण्याची पालकांची आणि कधी कधी वृत्तपत्रांचीही घाई नुकसान करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची २०२२ पासून लागू झालेली आवृत्ती गेमिंगचा विकार मान्य करते, पण किती तास खेळले हा त्याचा निकष नाही. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणे, नुकसान दिसत असूनही तो वाढत जाणे, आणि हे सहसा वर्षभर चाललेले असून अभ्यास, नाती, आरोग्य यांची मोठी हानी झालेली असणे, हे निकष आहेत. सुट्टीत मित्रांसोबत चार तास खेळणारा मुलगा आजारी नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर स्वतंत्र उपचार केंद्र आहे. तिथवर जावे लागणारी मुले थोडी असतात. माझा रोख खेळावर नाही. त्या खेळात बसवलेल्या, पैसे घेऊन सोडत काढणाऱ्या यंत्रणेवर आहे, आणि ती काढली तरी खेळ खेळ म्हणून शिल्लक राहतो.

बंदीचा उपयोग होत नाही, असेही म्हटले जाते आणि बेल्जियमकडे बोट दाखवले जाते. तिथल्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये पैसे घेऊन विकले जाणारे लूट बॉक्स बेकायदा ठरवले, पण २०२२ मध्ये लिऑन शिआओ या संशोधकाने तिथल्या आयफोनवरचे सर्वाधिक कमाईचे १०० खेळ तपासले तेव्हा ८२ खेळांत ते सापडले. यावरून बंदी व्यर्थ ठरत नाही. बंदी जाहीर करून कोणी तपासायला गेले नाही, हे ठरते. बेल्जियमने गाजलेल्या मोजक्या खेळांवर लक्ष ठेवले, आणि त्यातल्या ईएने २०१९ च्या सुरुवातीला फिफाच्या पेट्यांसाठी लागणारे चलन तिथे विकणे थांबवलेही. जपानने २०१२ मध्ये याच प्रकारची एक विशेष लोभस सोडत, ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवल्यावर बक्षीस देणारी, नेमकी ओळखून बंद केली. यंत्रणा नेमकी पकडली की तिला बांधता येते.

भारतात हे काम वाटते तितके अवघड नाही. मोबाइलवरचे बहुतेक खेळ गुगल आणि ॲपल या दोन दारांतूनच येतात, आणि नव्या कायद्याने खेळांची वर्गवारी ठरवणाऱ्या प्राधिकरणाची तरतूद केलेली आहे. त्या प्राधिकरणाने पैसे परत मिळतात का, एवढेच विचारून थांबू नये. खऱ्या पैशाने घेतलेल्या चलनावर निकाल नशिबाने ठरतो का, हे विचारावे. आणि उत्तर हो असेल तर तो खेळ १८ वर्षांखालच्यांना उपलब्ध नसावा, मग बक्षिसात रोकड असो वा नुसता रंग. मोठ्यांसाठी सरसकट बंदी मला पटत नाही. प्रौढ माणसाने आपला पैसा कशावर उडवावा हे सरकारने ठरवायला नको. पण त्याला प्रत्येक खेचीची किंमत रुपयांत दिसली पाहिजे, वस्तू मिळण्याची शक्यता त्याच पडद्यावर दिसली पाहिजे, महिन्याची मर्यादा आधी घालता आली पाहिजे आणि ती मर्यादा त्याच रात्री वाढवता येऊ नये. ज्याला ती वस्तूच हवी आहे, त्याला ती सरळ ठरलेल्या किमतीला विकत घेण्याचा पर्याय असला पाहिजे. कंपन्या म्हणतात तसे हे खेळ लोकांना खरोखर आवडत असतील, तर ठरलेल्या किमतीलाही ते विकले जातील.