सुकाणूचा खर्च कोणाचा?

घाटात पिकअप उलटली की दुसऱ्या दिवशी ठराविक वाक्य छापून येते : चालकाचा ताबा सुटला. ताबा नेमका कोठे सुटला, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. जुन्या गाडीत कधी कधी तो चालकाच्या हाताखालच्या दांड्यातच सुटलेला असतो.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा भाजीपाला अशा गाड्यांवरच चालतो. सातगाव पठाराचा बटाटा मंचरला येतो, टोमॅटो नारायणगावच्या उपबाजारात, ओतूरचा माल माळशेज उतरून कल्याणकडे. शेतापासून हमरस्त्यापर्यंतची खाचखळग्यांची वाट आणि हौद्यात मर्यादेबाहेर रचलेले क्रेट यांच्या धक्क्यांनी स्टेअरिंग कॉलम झिजतो. वरचे बुश खातात, खालच्या सांध्यातला क्रॉस सैल होतो आणि स्टेअरिंग फिरवले तरी पुढची चाके क्षणभर हलत नाहीत. ही ढिलाई ३० अंशांपेक्षा अधिक नसावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९८ वा नियम सांगतो. ३० अंश म्हणजे घड्याळातील एका तासाचे अंतर! आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी व्हावे लागते हे खरे. पण दोन पासिंगांच्या मधले वर्ष खडबडीत रस्त्यावरच जाते.

गॅरेजमध्ये आधी टाय रॉडचे एंड बदलले जातात, कारण ते स्वस्त. खडखड तरीही राहतेच. वास्तविक एकाने स्टेअरिंग डावे-उजवे हलवावे आणि दुसऱ्याने खालचा सांधा पाहावा, एवढ्याने दोषाची जागा कळते. झिजलेल्या दांड्याला वेल्डिंग मारणे हा मात्र आत्मघात होय. असा जोड तुटताना पूर्वसूचना देत नाही. चाके सरळ ठेवून, दांड्यावर खूण करून संपूर्ण कॉलम बदलावा आणि सांध्याचा बोल्ट नवा घालावा, हाच खरा मार्ग. भंगारातला कॉलम स्वस्त पडतो, परंतु तो कोणत्या अपघातातून आला हे त्याच्यावर लिहिलेले नसते.

चालकाला हे ठाऊक नसते असे समजणारे शहाणे शहरात पुष्कळ आहेत. त्याला सारे ठाऊक असते. हंगामात गाडी दोन दिवस उभी राहिली तर फेऱ्या बुडतात, फायनान्सचा हप्ता बुडत नाही. क्रेटमागे भाडे ठरवताना डिझेल धरले जाते, झीज धरली जात नाही. आणि त्याच हौद्यात उभे राहून नारायणगावच्या मजूरबाजारातून आदिवासी स्त्री-पुरुष शेतावर जातात. मालवाहू गाडीत माणसे नेण्यास कायद्याची मनाई असल्याने अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणजे दांडा तुटला तर त्याची किंमत शेवटी मजुराच्या घरानेच मोजायची!

बाजार समित्या १९६३ च्या कायद्यान्वये आवारातील व्यवहारांवर बाजार फी घेतात. ज्या चाकांवर हा माल येतो त्यांच्यासाठी नारायणगाव आणि मंचरच्या आवारात एक तपासणी खड्डा व एक जाणता मिस्त्री ठेवणे अशक्य आहे काय? पतसंस्थांनी दुरुस्तीसाठी हंगामाअखेर फेडायचे छोटे कर्ज द्यावे. चालकांनी संघटित होऊन भाड्याच्या बोलणीत डिझेलखाली देखभालीचा स्वतंत्र आकडा मागावा, आणि कार्यकर्त्यांनी माळशेजमध्ये धुके उतरण्यापूर्वीच हा प्रश्न दोन्ही बाजार समित्यांपुढे न्यावा.