प्राध्यापकांचे समाधान आणि तासिकांचा हिशेब

मूल्यांकन समितीच्या भेटीची तयारी सुरू झाली की महाविद्यालयांतून कागदांना भरते येते. अशाच एका तयारीच्या दिवसांत आमच्या अध्यापक-कक्षात एक प्रश्नावली फिरली. संस्थेच्या कल्याणकारी योजनांबाबत आपण कितपत समाधानी आहात, असा प्रश्न आणि पुढे 'अत्यंत समाधानी'पासून 'असमाधानी'पर्यंत पाच चौकटी. माझ्या शेजारी बसलेल्या सहकारी बाईंनी क्षणभरही न थांबता 'समाधानी'वर खूण केली. त्या तासिका तत्त्वावर शिकवतात; त्या वेळी त्यांना सातवा महिना होता आणि प्रसूतिरजेचा एक दिवसही त्यांच्या वाट्याला येणार नव्हता. मी नुसतेच त्यांच्याकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "सर, जूनमध्ये पुन्हा अर्ज करायचा आहे ना!"

समाधानाच्या मोजमापाविषयी अर्थशास्त्राच्या पुस्तकांत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण या एका वाक्यात त्यातील बरेचसे आले. दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसे आपल्या अपेक्षाच आखडून घेतात, म्हणून त्यांच्या तोंडच्या समाधानावरून त्यांचे कल्याण मोजू नये, असे अमर्त्य सेन यांनी वारंवार बजावले आहे. आमच्या बाईंचे प्रकरण त्याहूनही साधे होते. त्यांनी अपेक्षा आखडल्या नव्हत्या, फक्त पेन जपून चालवले होते. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे 'नॅक'ने, २०१७ पासून विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी सुरू केली. अध्यापकांसाठीच्या कल्याणकारी योजनांचे वर्णन मात्र संस्थेनेच लिहावयाचे. ज्याच्या हाती नेमणूक, त्याच्याच हाती समाधानाचा गोषवारा!

प्रस्तुत लेखक कायम सेवेत आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे. त्यापूर्वी चार वर्षे मीही मावळातल्या एका महाविद्यालयात तासिकांवर काढली. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत तास नाहीत म्हणून मानधन नाही. उरलेल्या महिन्यांचे मानधन येई तेही तीन-चार महिन्यांचे एकदम. वाणी ओळखीचा होता म्हणून निभावले. पुरुष असल्यामुळे माझा प्रश्न उधारीपुरताच राहिला.

अनुदानित महाविद्यालयातील कायम अध्यापिकेला १८० दिवसांची पगारी प्रसूतिरजा आहे. २०१८ मध्ये राज्य सरकारने मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात १८० दिवसांची आणखी एक रजा दिली आणि मान्यताप्राप्त अनुदानित शिक्षणसंस्थांतील महिला कर्मचाऱ्यांनाही तिचा लाभ दिला. पत्नी हयात नसलेल्या पुरुषालाही ती मिळते, ही तरतूद विशेष समंजसपणाची. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या ७३० दिवसांपुढे ही रजा तोकडी आहे हे खरे. तरीही ती रजा आहे. त्याच इमारतीत, त्याच फळ्यापुढे, तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या दुसऱ्या बाईला मात्र दिवस भरेपर्यंत उभे राहून शिकवावे लागते, आणि तिने सुटी घेतली की तास दुसऱ्याच्या नावावर जातात.

याच बाईंच्या पहिल्या बाळंतपणाची हकीकत मला ठाऊक आहे. पंचेचाळिसाव्या दिवशी त्या वर्गावर परतल्या. घर कामशेतला, महाविद्यालय लोणावळ्याला. अंतर लोकलने अर्ध्या तासाच्या आतले. परंतु १९७८ पासून धावणाऱ्या या लोकलच्या दुपारच्या फेऱ्यांत त्या वर्षी तीन तासांची पोकळी होती. बाराला तास संपवून बाहेर पडणारी आई बाळापाशी पोहोचायची साडेतीनला. पावसाळ्यात घाटात दरड आली, गाड्या रखडल्या, की संध्याकाळच व्हायची. महाविद्यालयात एखादी खोली पाळणाघरासाठी असती तर हा प्रश्न उद्भवताच ना. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची सोय असावी, अशी तरतूद प्रसूती-लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम राहिली. मावळ तालुक्यात मी ज्या महाविद्यालयांत परीक्षेच्या कामासाठी जातो, त्यांपैकी एकातही मला पाळणाघर दिसलेले नाही. अतिथिकक्ष मात्र सर्वत्र आहेत.

याउलट तळेगावच्या औद्योगिक वसाहतीकडे पाहावे. तेथील कारखान्यात एकवीस हजार रुपयांपर्यंत वेतन घेणारी कामगार स्त्री राज्य कामगार विमा योजनेत येते. तिच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी जाते. त्या वर्गणीतून तिला आजारपणाचा खर्च आणि सव्वीस आठवड्यांचा प्रसूतिलाभ मिळतो. १९४८ चा हा कायदा काही औदार्यातून आलेला नव्हता; जोखीम अनेकांत वाटली म्हणजे एकट्यावर कोसळत नाही, हे विम्याचे साधे तत्त्व त्यामागे आहे. जे तत्त्व आम्ही वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवतो, ते शिकवणाऱ्या पीएच.डी.धारक बाईला लागू नाही. तिची विद्यार्थिनी शिक्षण सोडून कारखान्यात लागली तर या एका बाबतीत ती तिच्या बाईंहून सुस्थितीत असेल.

यावर आपल्याकडे एक जुने उत्तर तयार असते: शिक्षकी पेशा हे व्रत आहे. या उत्तराला पुण्याच्या आसमंतात मोठे वजन आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे सेवा देण्याची प्रतिज्ञा घेतली आणि गोखल्यांनी ती दरमहा पंचाहत्तर रुपयांवर पाळली. आमच्या तळेगावात विजापूरकरांचे समर्थ विद्यालय होते. १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडले, तोवर तेथेही त्यागावरच गाडा चालला. या माणसांपुढे नतमस्तकच व्हावे. परंतु हा त्याग त्यांनी स्वतः निवडलेला होता, आणि संस्थेचे धनीही तेच होते. शिवाय त्या त्यागाच्या घरातही पैशाचा प्रश्न शांत नव्हता. १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले, त्यामागच्या मतभेदांत वेतन आणि बाहेरची मिळकत हे विषय होतेच. आणि आगरकर १८९५ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी गेले, ते प्रपंचाची ओढाताण मागे ठेवून. एकाने घेतलेले व्रत दुसऱ्याच्या नेमणूकपत्रात अट म्हणून घालता येत नाही. व्रताची ही भाषा आमच्या संघटनांच्या व्यासपीठावरून क्वचित, तर संस्थाचालकांच्या भाषणांतून हमखास ऐकू येते, हेही सूचक आहे.

न्यायालयापुढेही 'शिक्षक म्हणजे कोण' हा प्रश्न असाच गेला होता. उपदान कायद्यातील व्याख्येप्रमाणे शिक्षक हा 'कर्मचारी'च नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. संसदेला २००९ मध्ये दुरुस्ती करून, १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने, शिक्षकाला कर्मचारी ठरवावे लागले. २०२२ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. प्रसूतीच्या बाबतीतही न्यायालयाची दिशा स्पष्ट आहे. रोजंदारीवरील स्त्रियांना प्रसूतिलाभ नाकारता येणार नाही, हे २००० साली दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सांगून झाले. २०२३ मध्ये दिल्लीतील एका कंत्राटी महिला डॉक्टरच्या दाव्यात, कराराची मुदत संपली तरी लाभ संपत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. केरळने तर २०२० मध्ये खाजगी शिक्षणसंस्थांनाही प्रसूती-लाभ कायदा लागू केला. आपल्याकडे तासिकांवरील अध्यापिकेने न्यायालयात जावे म्हटले, तर पुन्हा तोच जून आडवा येतो.

कायम अध्यापकांचेही सारे आलबेल आहे असे नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या माझ्यासारख्यांची जुनी निवृत्तिवेतन योजना गेली. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर सात दिवसांचा संप झाला. घरभाड्याचा भत्ता गावाच्या लोकसंख्येवर ठरतो. पन्नास लाखांच्या शहराला एक दर आणि पाच लाखांच्या आतल्या गावाला त्याच्या एक तृतीयांश. २०११ च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या साठ हजारांच्याही आत होती. पण तेथील जागांचे भाव ठरतात ते शनिवार-रविवारी येणाऱ्या मुंबईकरांच्या खिशावर. लहान गावाचा भत्ता घेऊन मोठ्या शहराचे भाडे भरणे हा आमच्या पेशातला नेहमीचाच विनोद. तरीही ही गाऱ्हाणी दुय्यम आहेत, आणि संघटनेच्या मागणीपत्रात मात्र तीच वरच्या क्रमांकांवर असतात. दोष आमचा आहे. मागणीपत्र लिहितात ते कायम अध्यापक.

पैसे कोठून आणावयाचे, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर फारसे अवघड नाही. समजा, एका विद्यापीठाच्या क्षेत्रात तासिकांवरील शंभर अध्यापिका आहेत आणि वर्षात चौघींची बाळंतपणे होतात. प्रत्येकीला सहा महिन्यांचे मानधन द्यावयाचे तर चोवीस महिन्यांचे मानधन झाले. शंभर जणींचे वर्षाचे मानधन बाराशे महिन्यांचे. म्हणजे खर्च दोन टक्के! पुरुष अध्यापकांचे मानधनही हिशेबात धरले, आणि ते धरलेच पाहिजे, तर हा आकडा आणखी खाली येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला दीड हजार आणि महिन्याला कमाल पन्नास हजार रुपये ही मर्यादा सुचवली. त्या कमाल दरानेही एका बाळंतपणाचे तीन लाख होतात. एकाच लहान महाविद्यालयावर हा भार टाकला तर ते पुढच्या वेळी विवाहित तरुणीला नेमणारच नाही. म्हणून निधी विद्यापीठ पातळीवर हवा आणि प्रत्येक महाविद्यालयाने तेथे एकूण मानधनाच्या प्रमाणात वर्गणी भरावी, स्त्रिया किती नेमल्या हे न पाहता. अधिसभेत अर्थसंकल्प मांडला जातो तेव्हा हा निधी एका ठरावाने उभा करता येईल.

नेमणूकपत्रात एवढेच एक वाक्य वाढवावे लागेल: प्रसूतीमुळे पडलेला खंड पुढील वर्षीच्या निवडीत विचारात घेतला जाणार नाही. तासिकांच्या जाहिराती जूनमध्ये निघतात. आमच्या बाईंनी यंदा अर्ज केलेला नाही. तळेगावच्या एका कंपनीत हिशेबनीस म्हणून त्या रुजू झाल्या आहेत. त्यांच्या विषयाचे तास जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत रिकामे होते.