खुनी ठाऊक आहे, तरीही…

आमच्या घरामागे राहणाऱ्या काकींनी आता ऐंशी ओलांडली. मुक्तीपूर्वी गावच्या देवळात भरणाऱ्या शाळेत त्या तिसरीपर्यंत मराठी शिकल्या आणि त्या तीन इयत्तांच्या बळावर आयुष्यभर वाचत आल्या. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्या आमच्या सोप्यावर येऊन टेकल्या आणि मला म्हणाल्या, "अरे, वाचनालयांत म्हजो धनंजय मेळना. खंय व्हेलो ताका?"

मी चहाच्या कपात बघत राहिलो. धनंजयला कुठे नेलं ते मला पक्कं ठाऊक होतं. रद्दीत.

त्याचं झालं असं. आमच्या गावच्या वाचनालयात जागेची टंचाई. त्यात पावसाळ्यात भिंती ओल धरतात, पुस्तकांना कसर लागते. समितीच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, त्या जुन्या रहस्यकथा काढून टाका, जागा होईल. खुनी कोण ते एकदा कळलं की परत कोण वाचतो? सगळ्यांना पटलं. मी समितीचा सहचिटणीस. सरकारी कारकून असल्यामुळे माझी भाषा ठरावाला बरी, अशी सर्वांची समजूत. तेव्हा ठराव मीच लिहिला. 'पुनर्वाचनमूल्य नसलेली पुस्तके निर्लेखित करण्यात यावीत.' 'पुनर्वाचनमूल्य' हा शब्द सर्वांना फार आवडला. मलाही. दोन पोती भरून पुस्तकं गेली.

गंमत म्हणजे त्या खोलीत रहस्यकथा सर्वात जास्त वाचलेला माणूस मीच होतो. पण मी बोललो नाही. कला शाखेचा पदवीधर, साहित्य संमेलनांना जाणारा, चार लोकांत उठबस असलेला मी. 'मला अर्नाळकर आवडतात' असं त्या बैठकीत म्हणायची मला लाज वाटली.

म्हणून जे तेव्हा बोललो नाही ते आज लिहितो आहे.

ज्यांना ही नावं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळा पहाड ही त्यांची माणसं. ते १९९६ साली गेले. पुढच्या पिढीत गुरुनाथ नाईक आले. त्यांची पुस्तकंही हजाराच्या घरात, आणि ते अलीकडे म्हणजे २०२१ साली गेले. सुहास शिरवळकरांना आज लोक 'दुनियादारी'मुळे ओळखतात, पण दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास यांची वाट बघणारे वाचक पुष्कळ होते. मी आठवीत असताना, १९९३ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्षी' मालिका लागली आणि बंगाल्यांकडेही असा एक धोतर नेसणारा माणूस आहे हे मला समजलं. त्यानंतर पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून, एका हातात शब्दकोश घेऊन, होम्स आणि पॉयरो. माझं इंग्रजी जे काही आहे ते या दोघांनी शिकवलेलं आहे.

आता मुद्दा. खुनी कळला की पुस्तक संपलं, हे खरं आहे का?

अगाथा ख्रिस्ती यांची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' ही कादंबरी १९२६ साली आली. शेवट सांगत नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांचा आनंद मी का घालवू? एवढंच सांगतो की पहिल्यांदा वाचताना मी सपशेल फसलो. रागाने पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानापासून परत वाचायला घेतलं. आणि थक्क झालो! बाईंनी कुठेही खोटं लिहिलं नव्हतं. वाक्य न वाक्य सरळ होतं. मीच ते माझ्या सोयीने वाचलं होतं. पहिल्या वाचनात आपण फसतो आणि दुसऱ्या वाचनात आपण कसे फसलो ते बघतो. मला विचाराल तर दुसरं वाचन जास्त गोड.

या लिखाणाला नियम असतात. रोनाल्ड नॉक्स नावाचे एक इंग्रज लेखक होते. धर्माने पाद्री, पण स्वतः गुप्तहेरकथा लिहीत. त्यांनी १९२९ साली अशा कथांसाठी दहा नियम घालून दिले. भूतपिशाच्चाला मध्ये आणायचं नाही, गुप्त वाट एकापेक्षा जास्त नको, गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही. म्हणजे लेखक वाचकाला फसवणार, पण प्रामाणिकपणे फसवणार. वाचकाशी इतका उघड करार आणखी कुठल्या प्रकारच्या लेखनात असतो?

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' १९६२ साली रंगभूमीवर आलं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आणि त्याची ती सगळी रूपं. प्रभाकर पणशीकर एकाच नाटकात पाच भूमिका करीत. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला माणूस कोण, हे बघणाऱ्याला कधीच कळलेलं असतं. तरी लोक तेच नाटक पुनःपुन्हा बघत आले. का? माणूस इतक्या शांतपणे 'तो मी नव्हेच' कसं म्हणू शकतो, आणि अखेर तो सापडतो कसा, हे बघायला.

आणि 'दृश्यम'? मूळ मल्याळम चित्रपट २०१३ सालचा. निशिकांत कामत यांनी २०१५ साली हिंदीत केला तेव्हा तो आपल्या गोव्यात आणून बसवला. मरण कोणाच्या हातून आलं ते प्रेक्षकाला मध्यंतराआधीच ठाऊक असतं. तरी बसची तिकिटं, हॉटेलची बिलं आणि तारखा यांच्या खेळात आपण खुर्चीला चिकटून बसतो. २ ऑक्टोबर आला की अजूनही सत्संगाचे आणि पावभाजीचे विनोद मोबाईलवर फिरतात ते काय उगाच?

माझ्यासारख्या कारकुनाला हे कागदांचे खेळ जरा जास्तच आवडतात. कॉनन डॉयल यांच्या 'सिल्व्हर ब्लेझ' या कथेत रात्री कुत्रा भुंकला नाही, यावरून होम्स निष्कर्ष काढतो. घडलेलं सगळे बघतात, न घडलेलं बघायला नजर लागते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक म्हातारे गृहस्थ फेऱ्या मारीत होते. अर्ज दिला म्हणत. आवक नोंदवहीत त्याची नोंद नव्हती. पोच त्यांनी हरवलेली. 'अर्ज आलेलाच नाही' असं त्यांना चार वेळा सांगून झालं होतं. एके दिवशी मी सहज त्या तारखेचं पान बघत बसलो. सकाळच्या नोंदी नेहमीसारख्या होत्या आणि दुपारनंतर एकही नव्हती. कामाचा दिवस आणि अख्ख्या दुपारी एकही कागद आला नाही? हजेरीपट काढला. आवक बघणारा त्या दिवशी अर्ध्या रजेवर. त्याच्या जागी कोण बसलं होतं ते शोधलं, त्याच्या टेबलाचा खालचा खण उघडला, आणि त्या दुपारचे सगळे कागद तिथे शिक्का मारून नीट ठेवलेले मिळाले. म्हाताऱ्याचा अर्ज वरून तिसरा.

यात फुशारकी नाही. दहा मिनिटांचं काम होतं. पण ते करायची बुद्धी मला कुठल्या प्रशिक्षणाने दिली नाही, त्या न भुंकलेल्या कुत्र्याने दिली.

एक आक्षेप नेहमी येतो. खुनाच्या गोष्टी वाचून आनंद कसला मिळतो? आमच्या आईचाही हाच प्रश्न असे. मला वाटतं, गुप्तहेरकथेइतकं मरण गांभीर्याने कोणीच घेत नाही. वर्तमानपत्रात 'अनोळखी इसमाचा मृतदेह सापडला' अशी चार ओळींची बातमी येते. दुसऱ्या दिवशी ती विसरली जाते, पुढे काय झालं ते आपण विचारतही नाही. गुप्तहेरकथेत मेलेला माणूस कितीही क्षुल्लक किंवा नावडता असो, कोणीतरी दोनशे पानं हट्टाने विचारत राहतं की हे कोणी केलं, का केलं. उत्तर मिळाल्याशिवाय पुस्तक मिटत नाही. ज्या जगात बहुतेक प्रश्नांवर 'चौकशी चालू आहे' एवढाच शेरा पडतो, त्या जगात हा केवढा दिलासा!

मी आंधळा भक्त नाही. आपल्या जुन्या रहस्यकथांत घाईने लिहिलेल्या पुष्कळ होत्या. योगायोगांचा सुकाळ असे, बायका बेशुद्ध पडण्यापुरत्या असत, आणि नॉक्ससाहेबांचे नियम तर बरेचदा पायदळी जात. महिन्याला इतकी पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाकडून दुसरं काय होणार? पण या पातळ, स्वस्त पुस्तकांनी खेड्यापाड्यांतल्या माणसांना पानं उलटायची सवय लावली, हे विसरून कसं चालेल? तिसरी शिकलेल्या बाईला समीक्षकांनी गौरवलेली कादंबरी दिली असती तर ती वाचनालयात परत आली असती का?

काकींना मी त्या संध्याकाळी खरं सांगितलं. ठराव माझाच, हेही सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग मी विचारलं की खुनी कोण ते तुम्हाला पाठच असेल, तरी तेच तेच का वाचायचं? त्या म्हणाल्या, "खुनी खबर आसा रे. पूण ताका धरतात कसो, तें पळोवपाक बरें दिसता."

जे सांगायला मला एवढी पानं लागली ते काकींनी दोन वाक्यांत सांगितलं. 'पुनर्वाचनमूल्य' म्हणतात ते हेच असावं, आणि ते ठरवण्याचा अधिकार समितीपेक्षा पुनःपुन्हा वाचणाऱ्याला जास्त.

समितीची पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. रहस्यकथांसाठी एक कपाट राखून ठेवावं, असा प्रस्ताव मी मांडणार आहे, आणि या वेळी ठराव लिहिण्याआधी तोंडाने बोलणार आहे. गेलेली पोती काही परत येणार नाहीत. पण तुमच्या घरी माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, अशी कव्हर फाटलेली पुस्तकं अजून असतील. ती रद्दीवाल्याला देऊ नका. तुमच्या गावच्या वाचनालयात नेऊन द्या. तिथेही कोणी काकी असतीलच, आणि त्यांना खुनी आधीपासून ठाऊक असेल.