फोटो एडिट करणं चूक कधी ठरतं? फॉकलंड रोडची व्यक्ती कोलकात्याच्या फोटोत कशी पोहोचली?

बाळकुम नाक्यावरून भिवंडीकडे निघालात की कशेळीची खाडी लागते. संध्याकाळी तिथे मोबाईल बाहेर निघतोच. माझाही निघाला. मध्ये मेट्रोच्या कामाचे पत्रे येत होते, ते फोनमधल्या इरेजरने पुसले आणि स्टोरी टाकली. पाच मिनिटांत मित्राचा मेसेज, "तिथलं मेट्रोचं काम संपलं का रे?"

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे. पण अशाच पुसापुशीने आणि चिकटवाचिकटवीने फोटोग्राफीत मोठी नावं अडचणीत आली आहेत. त्यातलं एक प्रकरण थेट मुंबईशी जोडलेलं आहे.

नेमकं काय झालं होतं?

१९७८ मध्ये अमेरिकन फोटोग्राफर मेरी एलन मार्क फॉकलंड रोडवर, म्हणजे आजच्या पठ्ठे बापूराव मार्गावर, काम करायला आल्या. त्याआधी त्या तिथे गेल्या तेव्हा बायकांनी त्यांच्यावर कचरा आणि पाणी फेकलं होतं. या वेळी त्या रोज जात राहिल्या. हळूहळू दारं उघडली आणि १९८१ मध्ये 'फॉकलंड रोड' हे पुस्तक आलं.

आता या मे २०१७ मध्ये. सौविद दत्ता या तरुण, पुरस्कारविजेत्या फोटोग्राफरने कोलकात्याच्या सेक्स वर्कर्सवर फोटोमालिका केली होती. त्यातल्या एका फोटोत मागे दिसणारी व्यक्ती मार्क यांच्या मुंबईच्या फोटोतून उचलल्याचं एका वाचकाच्या लक्षात आलं. दत्ताने 'टाइम'ला मुलाखत देऊन चूक कबूल केली. इतरांचं काम आपलं म्हणून दाखवल्याचंही मान्य केलं.

यात कॉपीराइटचा मुद्दा आहेच. मला जास्त खटकतं ते वेगळं. मुंबईतल्या एका माणसाने आपला फोटो काढू दिला आणि साडेतीन दशकांनंतर त्याला परक्या शहरात, परक्या गोष्टीत उभं केलं गेलं.

मग एडिटिंग करायचंच नाही का?

असं कुणीच म्हणत नाही. रोलच्या जमान्यातही डार्करूममध्ये फोटोचा एखादा भाग उजळ, एखादा गडद केला जायचा. आपल्याकडे स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग घालवायचे. वारलेल्या आजोबांना लग्नाच्या ग्रुप फोटोत बसवून घेणारी घरं आजही आहेत. तिथे कुणी फसत नाही, कारण घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक असतं.

बातमीच्या फोटोला ही सूट नाही. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१५ साली शेवटून दुसऱ्या फेरीतल्या सुमारे २० टक्के प्रवेशिका मूळ फाइलशी ताडून बाद केल्या गेल्या. २०१६ मध्ये 'अफगाण गर्ल'वाल्या स्टीव्ह मॅकरी यांच्या क्युबातल्या एका फोटोत फोटोशॉपची ढोबळ चूक दिसली. तेव्हा त्यांनी आपण फोटोपत्रकार नसून चित्रांतून गोष्ट सांगणारे आहोत, अशी भूमिका घेतली. चालेल, पण हे बघणाऱ्याला आधी सांगायला हवं होतं. वर्षानुवर्षं लोक ते फोटो घडलेली गोष्ट म्हणूनच बघत होते.

आणि एआय? २०२३ मध्ये जर्मनीच्या बोरिस एल्डागसेन यांनी सोनीच्या स्पर्धेत बक्षीस मिळालेली प्रतिमा एआयची असल्याचं सांगून बक्षीस नाकारलं.

माझ्या स्टोरीचं म्हणाल, तर मी ती काढून पत्र्यांसकट मूळ फोटो टाकला. लाइक्स निम्मे आले.