रानफळांचा अर्क आणि शरीरातील शिसे

वैशाखात मुळशी तालुक्यातील डोंगरउतारांवर करवंदांच्या जाळ्या काळ्याभोर होतात. पौड-ताम्हिणीच्या वाटेवर वाड्यावस्त्यांवरील स्त्रिया पानांच्या द्रोणांत ही डोंगरची मैना घेऊन बसतात. मागोमाग जांभळे येतात आणि हिवाळ्यात आवळा. या फळांना अलीकडे बाजारात नवी ओळख मिळाली आहे. अर्क, चूर्ण, गोळ्या अशा रूपांत ती बाटलीबंद होऊन येतात. वेष्टनावर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द असतो आणि कित्येकदा त्याखाली शरीरातील जड धातू बाहेर टाकण्याचे आश्वासनही असते. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे किराणा, मसाले, भांडी, रंग, औषधे या व्यापारांत आहेत. म्हणजे असा माल आपण विकत घेतो आणि विकतोही. म्हणूनच या आश्वासनाचा हिशेब एकदा नीट मांडून पाहणे अगत्याचे आहे.

हे आश्वासन सर्वस्वी निराधार नाही. शिसे, कॅडमियम, पारा हे धातू शरीरात शिरले की पेशींतील प्रथिनांना चिकटतात. ग्लुटाथायोन नावाचे जे संरक्षक द्रव्य शरीर स्वतः तयार करते, ते या धातूंमुळे खर्ची पडते आणि पेशींना इजा करणारे अस्थिर प्राणवायू-कण वाढतात. आवळा, डाळिंब, द्राक्षांच्या बिया यांचे अर्क प्रयोगशाळेत उंदरांना देऊन पाहिले गेले आहेत. अर्क दिलेल्या उंदरांच्या यकृताला व मूत्रपिंडाला धातूमुळे होणारी इजा कमी झाल्याचे अशा अनेक प्रयोगांत दिसले आहे. करवंद, जांभूळ यांचा गडद रंग ज्या द्रव्यांमुळे येतो, तीही याच जातीची आहेत.

तथापि, उंदराला मोजून दिलेला अर्क आणि माणसाने घेतलेला चमचाभर रस यांत मोठे अंतर आहे. शिवाय इजा कमी होणे आणि धातू शरीराबाहेर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत थकीत कर्जासाठी नफ्यातून तरतूद करतात. त्यामुळे ताळेबंद सावरतो, परंतु कर्ज वसूल होत नाही. फळांतील अँटिऑक्सिडंट द्रव्ये ही अशी तरतूद आहे. प्रौढ माणसाच्या शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत साठते आणि तेथे ते दशकानुदशके राहते, कारण शरीर त्याला कॅल्शियम समजून जागा देते. त्याची वसुली करणारी औषधे वैद्यकशास्त्रात आहेत. परंतु ती विषबाधा गंभीर असतानाच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावयाची असतात. फळांचा अर्क हे काम करतो, असे माणसांच्या बाबतीत सिद्ध झालेले नाही.

मग फळांचा उपयोग काय? तो आहे, पण वेगळ्या वाटेने. शरीरात लोह व कॅल्शियम कमी असेल तर आतडी शिसे अधिक प्रमाणात शोषून घेतात. प्रौढ माणूस पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहा टक्के शोषतो, तर लहान मूल चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत. रिकाम्या पोटी हे प्रमाण आणखी वाढते. आपल्या शाकाहारी आहारात लोह मिळते ते डाळी, पालेभाज्या, नाचणी, तीळ यांतून, आणि ते सहजासहजी अंगी लागत नाही. जेवणासोबत आवळा, पेरू किंवा लिंबू घेतल्यास त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे हे लोह चांगले शोषले जाते. घरातील मुले आणि गर्भवती सुना-लेकी यांच्यासाठी हे खरे संरक्षण होय. त्याला महाग बाटली लागत नाही. हंगामातील ताजे फळ पुरते.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. आंबट फळ धातू विरघळवते. पितळी भांड्याला शुद्ध कथलाची कल्हई हवी. स्वस्तात काम उरकण्यासाठी तीत शिसे मिसळलेले असेल, तर त्या भांड्यात ठेवलेले कोकमाचे आगळ, चिंचेचा कोळ वा आवळ्याचा रस ते शिसे आपल्यात ओढून घेतो. संरक्षणासाठी घेतलेला रसच विषाचे वाहन व्हावे, असा हा प्रकार आहे. आंबट पदार्थ काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यातच ठेवावेत. शुद्धीसाठी घेतलेल्या औषधाचेही तसेच आहे. 2008 साली अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इंटरनेटवरून खरेदी केलेली 193 आयुर्वेदिक उत्पादने तपासली असता सुमारे एकवीस टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. ही सर्व उत्पादने वाईट, असा याचा अर्थ नव्हे. तपासणी-अहवालाशिवाय ती दुकानात ठेवू नयेत, एवढाच आहे.

म्हणजे प्रश्न येऊन थांबतो तो उगमापाशी, आणि हा उगम पुष्कळदा व्यापाऱ्याच्याच हातून जातो. शेजारच्या बांगलादेशातील हळदीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. 1980च्या दशकात पुरामुळे तेथील हळद काळवंडली. गिऱ्हाइकाला पिवळीधमक हळद हवी, म्हणून हळकुंडांना पॉलिश करताना लेड क्रोमेट हा शिसेयुक्त रंग लावण्याची प्रथा पडली. पुढे गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा माग काढत स्टॅनफर्ड विद्यापीठाचे व ढाक्याचे संशोधक याच रंगापर्यंत पोहोचले. 2019 साली हे प्रसिद्ध झाले. तेथील अन्न सुरक्षा यंत्रणेने व्यापाऱ्यांना समज दिली, नोटिसा लावल्या, घाऊक बाजारात उपकरणाने तपासणी करून दंड केले. 2019 मध्ये बाजारातील 47 टक्के नमुन्यांत शिसे होते. 2021 मध्ये ते प्रमाण शून्यावर आले. हळद-गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही घटले. कोणत्याही अर्काने जे साधले नसते, ते दोन वर्षांत बाजाराने साधले.

महाराष्ट्र हा हळदीचा प्रांत आहे. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि अशा नावाची पत हेच आपले भांडवल असते. आपल्या अन्न सुरक्षा नियमांनुसार हळदीत लेड क्रोमेट चालत नाही. अखंड हळकुंड पेलाभर पाण्यात टाकून पाहावे. पाण्यात ताबडतोब रंग उतरला, तर शंका घ्यावी. ही केवळ प्राथमिक चाचणी झाली. घाऊक माल घेताना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागण्याचा खर्च मालाच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो. अवाजवी चकचकीत हळद स्वस्तात मिळत असेल तर तो सौदा सोडून द्यावा. घरगुती रंगांतील शिशाची कायदेशीर मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून दशलक्ष भागांत 90 भाग इतकी आहे. रंगांच्या व्यापाऱ्यांनी डब्यावरील तसा उल्लेख पाहूनच माल भरावा. इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या भंगारात न देता अधिकृत विक्रेत्याकडेच परत कराव्यात, कारण उघड्यावर फोडलेल्या बॅटरीतील शिसे आसपासच्या मातीतून मुलांच्या पोटात जाते.

युनिसेफच्या 2020च्या अहवालानुसार जगातील सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक शिसे आहे. त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातील आहेत. शिशाची कोणतीही पातळी निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या बुद्धीची यात जी हानी होते, ती मागाहून भरून काढता येत नाही. घरातील मूल माती किंवा रंगाचे पापुद्रे खात असेल, अथवा घरातील कुणाचे काम बॅटरी, रंग वा धातू वितळविण्याशी संबंधित असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या मुलाच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी. आकडा 5 किंवा अधिक आला तर घाबरून अर्काची बाटली आणू नये. शिसे कोठून येते ते शोधून तो मार्ग बंद करावा.

करवंदे या हंगामात जरूर खावीत, आणि ती रस्त्याकडेच्या त्या द्रोणातूनच घ्यावीत, म्हणजे चार पैसे डोंगरातल्या घरी जातील. आपल्या दुकानातील हळदीची खातरजमा करणे हे मात्र फळांवर सोपविता येणार नाही. ते आपणच करावयाचे आहे.