जुहूची धावपट्टी मोकळा भूखंड नव्हे

‘नवी मुंबईचा विमानतळ झाला, आता जुहूचा मोडून घरे बांधा’ हे मागील अंकातले पत्र वाचले. घरांची तळमळ रास्त, पण जुहू ओस पडलेले नाही. समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मवरचे कर्मचारी इथूनच हेलिकॉप्टरने ये-जा करतात. हे काम सांताक्रूझच्या मुख्य विमानतळावर न्यावे, तर तिथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरता येते, मग हेलिकॉप्टरना जागा कुठली? नवी मुंबईला न्यावे, तर समुद्र गाठायला अख्खी मुंबई ओलांडायची! शिवाय या जागेला इतिहासही आहे: १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले, हे पत्रलेखकांना ठाऊक असेलच. शासनाने घरांसाठी दुसरी जागा शोधावी, जुहूला हात लावू नये.

— एक वाचक, विलेपार्ले