जुनी ‘९११’ की नवी? आधी इंजिन पाहा!

पोर्शे ९११ जुनी घ्यावी की नंतरची, हा वाद अखेर इंजिनापाशी येतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची ‘९९३’ ही शेवटची ९११. १९९७ मध्ये आलेल्या ‘९९६’मध्ये पाण्याने थंड होणारे इंजिन बसले. संग्राहकांनी ९९३ला डोक्यावर घेतले. बॉक्स्टरसारखे दिवे पाहून ९९६कडे नाक मुरडले. म्हणूनच ९९६ तुलनेने स्वस्त मिळते. मात्र, तिच्या साध्या मॉडेलमधील ‘आयएमएस’ बेअरिंग निकामी झाले, तर अख्खे इंजिन जाऊ शकते. टर्बो आणि जीटी३चे इंजिन वेगळे असल्याने तिथे हा धोका नाही. जपून ठेवायची असेल तर ९९३, रोज चालवायची असेल तर ९९६ घ्यावी. पण बेअरिंग बदलल्याची पावती पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.